वीस अंश सेल्सिअस

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात
बारीक अक्षरात लिहिलंय:
सर्व मापं वीस अंश सेल्सिअसला.

वीस अंश.
जळगावात ते पौषात येतात,
पहाटे, केळीच्या बागांवरून, तासाभरासाठी.
आत्ता वैशाख आहे.
एमआयडीसीच्या पत्र्याखाली त्रेचाळीस,
व्हर्नियर उचलला की बोटाला चटका.

तेरा इम्पेलर परत आले पुण्याहून.
तीस मायक्रॉन. प्रत्येकी.
केसाच्या अर्ध्याहून कमी, मी म्हटलं.
झांबरे शेठ म्हणाले,
केस विकत नाही आपण.

प्रोग्राम माझा.
सहा हजार ओळी, एकेक पडद्यावर चालवून पाहिलेली.
पाच आस: तीन सरळ चालणारे,
दोन मान वळवणारे.
टेबल कलतं, कलता कलता फिरतं
आणि कटर पात्याच्या पोटात शिरतो,
शिंप्यानं बाहीत हात घालून
आतली शिवण चाचपावी तसा.
यात कुठे चूक?
सकाळी मी शून्य पुन्हा घेतलं. जी चोपन्न.
माणकाचा मणी लावलेला प्रोब हळूच टेकला,
मागे सरला, पुन्हा टेकला.
शून्य जागेवर होतं.
दुपारी दोनला पुन्हा टेकवलं.
नव्हतं.

धुडकू मिस्तरी डबा सोडत होते.
पारोळ्याचे. एकतीस वर्षं लेथवर;
तो लेथ आता भिंतीशी,
त्यावर आम्ही पाण्याच्या बाटल्या ठेवतो.
स्क्रीनकडे ते बघतच नाहीत.
उठले, मशीनच्या कॉलमला तळहात लावला,
बाजारात बैलाच्या वशिंडाला लावतात तसा,
आणि म्हणाले,
लोखंडले बी ऊन लागस, माय.

हे मी वाचलं होतं.
प्रसरण गुणांक. चोपडा आयटीआय, दुसरं वर्ष,
सहा मार्कांचा प्रश्न.
सहापैकी सहा.

मग तागाची पोती आली.
भिजवून कूलंटच्या टाकीला गुंडाळली,
रांजणाला गुंडाळतात तशी.
पश्चिमेची खिडकी पुठ्ठ्यानं बुजवली.
कामाआधी तासभर स्पिंडल रिकामंच फिरू दे, म्हणाले.
शेठ विजेच्या मीटरकडे बघत राहिले.

काम रात्री अडीचला लावायचं ठरलं.
आईला सांगितलं, धरणगावला मैत्रिणीची हळद आहे.
आई म्हणाली, साडी कुठली नेसतेस?
ओव्हरऑल पिशवीत कोंबला,
वर मोरपंखी साडी.

पत्रा निवताना तडतडत होता.
मिस्तरी स्टुलावर, डोळे मिटलेले,
झोपलेत असं वाटावं इतके स्वस्थ.
चौथ्या पात्याला त्यांनी बोट वर केलं.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
फीड दहा टक्के उतरवला तेव्हा कळलं,
काहीतरी चिरचिरत होतं
ते थांबलं.

सगळ्यात कठीण यानंतरचं:
काम धुऊन ग्रॅनाइटवर ठेवायचं
आणि तासभर
हात लावायचा नाही.
आम्ही चहा केला. चहा संपला.
मिस्तरींनी पायातला काटा काढला.
मी उगाच झाडून घेतलं,
स्टेनलेसचा कुरळा बूर गोणीत भरला.
गोणी कामापेक्षा जड भरली.

डायलची सुई चार रेघा हलली.
किती? त्यांनी विचारलं, चष्मा घरी राहिला होता.
चार.
हजारातले?
हजारातले.
त्यांचं आयुष्य सुतात गेलं,
आठ सुतांचा इंच.
थोडा वेळ गप्प राहिले, मग हसले:
आमना येळले हाऊ आकडाच नही व्हता.

घरी गेल्यावर आई हात हुंगेल,
म्हणेल, हळदीला हा कसला वास?
काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.
पूर्वेच्या झरोक्यातून ऊन आत आलंय,
टाकीपासून दोन हातांवर.
पोती एका कडेनं वाळलीत.
मिस्तरी बादली घेऊन नळाकडे निघालेत.

अजून बारा.